सासूबाईंच्या पोटातला आकडा

एक गोष्ट मी आधीच छाती ठोकून सांगतो. माझ्याइतका निःपक्षपाती माणूस तुम्हाला दिवा घेऊन शोधलात तरी सापडणार नाही! स्वतःच्या बाबतीतसुद्धा मी निःपक्षपाती आहे, आणि म्हणूनच हे इतकं मोकळेपणाने सांगू शकतो.

माझा धंदा म्हणाल तर मेसॉन आणि बॅरिऑन यांचं एकमेकांशी कसं काय चालतं, ते गणिताने काढणं. घाबरू नका! बॅरिऑन म्हणजे वजनदार कण. आपल्या सगळ्यांच्या अंगात ठासून भरलेला प्रोटॉन हा त्यातलाच, सोफ्यात रुतून बसलेल्या काकांसारखा. मेसॉन त्यामानाने हलका आणि चुळबुळ्या. आला आला म्हणेपर्यंत गेलेला. हे दोघं जवळ आले की एकमेकांना ओढतात की ढकलतात, आणि किती, एवढंच आम्हाला काढायचं असतं. आता यांच्या पोटात आणखी बारीक कणांचा जो गोंधळ चालतो, त्याचं गणित थेट मांडायला बसलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून आम्ही इफेक्टिव्ह फील्ड थिअरी वापरतो. म्हणजे काय, तर आतल्या भानगडीत पडायचंच नाही! बाहेरून दिसतं त्याचे नियम लिहायचे. मोठी पदं आधी, लहान नंतर, फारच लहान असतील ती सोडून द्यायची. जे कळत नाही ते दोन-चार स्थिरांकांत बांधून ठेवायचं, ते स्थिरांक जुन्या प्रयोगांवरून घ्यायचे आणि पुढचं भाकीत करायचं. सासूबाईंबरोबर मी एका घरात गुण्यागोविंदाने राहतो तो याच थिअरीच्या जोरावर. मनात काय आहे ते विचारायचं नाही आणि आवाज चढू द्यायचा नाही!

तर झालं असं. केऑन नावाचा एक मेसॉन प्रोटॉनला किती जोराने ओढतो, याचं नवं मोजमाप आमच्या संस्थेच्या तळघरात चालू होतं. तिथलं यंत्र सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला आम्ही यंत्रमहाराज म्हणतो, कारण त्या यंत्राला ते स्वतःखेरीज कुणाला हात लावू देत नाहीत. भाकीत मी करायचं, मोजमाप त्यांनी. आणि विभागप्रमुखांनी मला बोलावून दार लावून घेतलं.

"हे बघा, दरवेळी तुमचं भाकीत मोजमापानंतर कसं काय जुळतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे या वेळी खरंखुरं जुळलं पाहिजे. जुळलं तर तुमचा गट राहील. नाही जुळलं, तर वेळापत्रक समितीला माणूस हवाच आहे."

वेळापत्रक समिती! त्या समितीत गेलेला माणूस पुन्हा कधी फळ्याजवळ दिसलेला नाही. कोणत्या वर्गाला कोणती खोली, एवढंच करत तो निवृत्त होतो. त्याच क्षणी मी ठरवलं की असं भाकीत करायचं, की कुणाला बोट ठेवायला जागा राहता कामा नये!

"मोजमाप झाकून ठेवा!" मी यंत्रमहाराजांना म्हणालो. "खरा आकडा आधी दिसला की माणूस नकळत गणित तिकडे वळवतो. एखादं पद घालतो, एखादं गाळतो. त्यापेक्षा तुमच्या मोजमापात कुणीतरी एक गुपित आकडा मिसळायचा. तुम्हाला, मला, सगळ्यांना फक्त मिसळलेलं दिसेल. गणित पक्कं झालं की भर सभेत उघडायचं!"

"कल्पना झकास आहे," यंत्रमहाराज म्हणाले. "पण गुपित ठेवणार कोण? या इमारतीत कुणाच्या पोटात काही राहतं का?"

खरं होतं. या इमारतीत बढतीची बातमी बढतीच्या आधी जिन्यात पोचते. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सासूबाई! उभी हयात हॉस्पिटलात, मोठ्या वॉर्डाच्या हेड नर्स. वॉर्डात कोण कशासाठी भरती आहे, हे त्यांनी सासऱ्यांनाही कधी सांगितलं नाही. आणि एकदा तर सासरेच भरती होते!

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना तळघरात घेऊन गेलो आणि संगणकासमोर बसवलं.

"आई, इथे तुम्हाला वाटेल तो आकडा टाका. तो मोजमापात मिसळेल. मग सभेपर्यंत कुणाला सांगायचा नाही. मी पाया पडलो तरी नाही!"

"म्हणजे यंत्राने जे मोजलंय, ते मी बदलायचं?"

"हो! बेधडक!"

सासूबाईंनी चष्मा लावला. मग "बरं" म्हणाल्या. आम्ही बाहेर जाऊन उभे राहिलो. त्या बाहेर आल्या त्या मूग गिळल्यासारख्या! मला धन्य वाटलं.

मिसळलेला आकडा हाती आला आणि माझी विद्यार्थिनी धावत खोलीत शिरली. तिच्या कानावर कायम पेन्सिल खोचलेली असते, म्हणून सगळे तिला पेन्सिलच म्हणतात. गणितातला निम्म्याहून अधिक भाग तिनेच केलेला, आणि तिचा प्रबंधही त्याच्यावरच.

"सर! जुळलं! शेवटच्या अंकापर्यंत जुळलं!"

मी आनंदाने ताडकन उठलो. आणि हळूहळू खाली बसलो.

"पेन्सिल, हा आकडा कसला आहे?"

"मिसळलेला, सर."

"म्हणजे खरा की खोटा?"

"तसा... खोटा."

"मग आपलं गणित कशाशी जुळलं?"

"खोट्याशी," ती पडलेल्या आवाजात म्हणाली.

"मग आपलं गणित कसं आहे?"

"पण सर, इतकं सुंदर जुळलंय!"

"तेच तर! म्हणूनच चुकलंय!"

बिचारीचं तोंड एवढंसं झालं. पण मी कंबर कसली. दुसरा एखादा असता तर जुळलेलं पाहून पेढे... जाऊ दे, निदान हुरळून गेला असता. मी नाही हुरळलो! आम्ही पहिल्या ओळीपासून गणित तपासलं. चूक नाही. शेवटापासून उलटं तपासलं. चूक नाही. "सापडत नाही, म्हणजे खूपच खोल आहे!" मी म्हणालो, आणि लहान म्हणून सोडून दिलेली सगळी पदं एकेक करून आत ओढायला लागलो.

पदं वाढली तशा त्यांच्या गोलगोल आकृत्या वाढल्या. माझा फळा भरला, पेन्सिलचा भरला, शेजारच्या खोलीतला माणूस रजेवर होता त्याचाही भरला. मग मी घरी जेवणाच्या टेबलाच्या काचेवर मार्करने लिहायला लागलो. माझी बायको दातांची डॉक्टर आहे, दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून दमून येते. ती ताट हातात घेऊन उभी राहिली.

"हे कुठे ठेवू? या गोलावर की त्या गोलावर?"

"त्या डावीकडच्यावर ठेव. ते पद नगण्य आहे!"

"आणि मी कुठल्या गोलात बसू?" तिने विचारलं. पण तेवढ्यात मला सापडलं! एक जड बॅरिऑन मध्येच क्षणभर तयार होतो आणि विरतो. तो आम्ही हिशेबात धरलाच नव्हता. धरला! आणि दुसऱ्या दिवशी पेन्सिलने नवा आकडा काढला तो मोजमापापासून चांगला लांब सरकलेला!

"हुश्श! जुळत नाही!" मी ओरडलो आणि अख्ख्या मजल्याला चहा पाजला.

"भाकीत जुळत नाही म्हणून चहा पाजणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला," यंत्रमहाराज म्हणाले.

"सर," पेन्सिल कोपऱ्यातून म्हणाली, "बाहेरच्या परीक्षकांकडे माझ्या प्रबंधाचं प्रकरण पाठवायचंय. त्यात जुनंच गणित आहे. पाठवू?"

"पाठव, पाठव!" मी म्हणालो. माझं लक्ष बिस्किटांकडे होतं.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण मग मनात किडा वळवळायला लागला. माझं भाकीत आणि मिसळलेला आकडा यांत जेवढं अंतर, तेवढाच सासूबाईंचा आकडा असायला हवा. आहे का? पूर्ण आकडा नको हो, मी असा बेइमान नाही! पण निदान धन की ऋण, एवढं कळलं तर काय बिघडलं? चिन्ह विचारणं म्हणजे काही गुपित फोडणं नव्हे.

मी सासूबाईंची सेवा सुरू केली. बाजारातून येताना त्यांची पिशवी उचलली. त्यांचा चष्मा त्यांनी शोधायच्या आधीच हजर केला. हॉस्पिटलातल्या जुन्या गोष्टी मान डोलावत ऐकल्या, मध्ये एकदाही घड्याळ न बघता. शेवटी सासूबाईंनी माझं मनगट पकडलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत नाडी मोजली.

"नाडी तर ठीक आहे. मग असे का वागताय?"

बायकोने मला आतल्या खोलीत ओढलं. "खरं सांग. नोकरी गेली?"

"नाही गं!"

"मग आईच्या चपला का पुसत बसला होतास?"

बाहेर येऊन पाहतो तर सासूबाई कपाटातून बॅग काढत होत्या! "मी धाकटीकडे जाते थोडे दिवस. अडचण होत असेल तर सरळ सांगावं माणसाने. असं गोड बोलून कशाला घालवायचं?"

"आई, तसं काही नाही हो!" मी रडकुंडीला आलो. "मला फक्त एकच सांगा. तो आकडा धन आहे की ऋण?"

सासूबाईंनी बॅग खाली ठेवली. "ते नाही बाई सांगता यायचं."

"एवढंच हो!"

"पाया पडलो तरी सांगू नका, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"मग पडतो!" आणि मी खरोखरच वाकलो.

"वाकलाच आहात तर कपाटाखाली माझी छत्री गेलीय, तेवढी काढा."

छत्री काढता काढता मी विचार केला. साधं चिन्हसुद्धा सांगत नाहीत, म्हणजे आकडा भलताच मोठा असणार! लहान असता तर एवढं लपवलंच नसतं! मी धावत जाऊन आणखी दोन पदं घातली. भाकीत आणखी लांब गेलं. आता मला गाढ झोप लागली.

सभेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. सासूबाई पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन. मी माझा आकडा पडद्यावर लावला आणि भाषण ठोकलं. झाकून ठेवण्याचं महत्त्व, मोह, निष्ठा, सगळं आलं त्यात. शेवटी बोट उंचावून म्हणालो, "आणि एकदा उघडल्यावर कुणीही काहीही बदलायचं नाही! हा माझा नियम!"

टाळ्या पडल्या. यंत्रमहाराजांनी बटण दाबलं. गुपित आकडा पडद्यावर उमटला.

शून्य.

"पुन्हा दाबा," मी म्हणालो. त्यांनी पुन्हा दाबलं. शून्य! "यंत्र बिघडलंय तुमचं!"

"माझं यंत्र?" यंत्रमहाराज बाह्या सरसावून पुढे आले.

"बिघडलेलं नाही," पहिल्या रांगेतून शांत आवाज आला. "शून्यच टाकलाय मी."

"आई! का?"

"का म्हणजे? एवढ्या वर्षांच्या नोकरीत पेशंटचा ताप मी कधी अर्ध्या डिग्रीने वाढवून लिहिला नाही. यांच्या यंत्राने मन लावून मोजलेलं, ते मी उगीच बदलू? आणि तुम्ही म्हणालात वाटेल तो आकडा टाका. मला शून्य वाटला."

यंत्रमहाराजांनी खिशातून रुमाल काढून डोळे टिपले. विभागप्रमुख मात्र माझ्याकडे बघत होते.

"म्हणजे दिसत होता तोच खरा आकडा. आणि तुमचं भाकीत त्याच्या आसपासही नाही."

"आधी जुळत होतं, सर! शेवटच्या अंकापर्यंत! देवाशपथ!"

"उघडल्यावर सगळे असंच म्हणतात. बदलायचं नाही हा नियम कुणाचा म्हणालात?"

इतक्या वर्षांचा माझा गट, त्या भरलेल्या फळ्यांवरची ती सगळी मेहनत, आणि मी स्वतःच्या हाताने तिच्यावर पाणी सोडलं होतं. मला खरंच रडू येणार होतं. तेवढ्यात मागच्या रांगेत पेन्सिल उभी राहिली.

"सर, जुन्या गणिताचं माझं प्रकरण परीक्षकांकडे आधीच पोचलंय. त्यांची पोचही आलीय, बऱ्याच आधीची. त्यातला आकडा जुळतो. तुम्हीच पाठव म्हणाला होतात."

विभागप्रमुखांनी पोच वाचली, पुन्हा वाचली, आणि टाळ्या वाजवल्या. गट वाचला! पेन्सिलचं नाव झालं. शोधनिबंध तिच्या एकटीच्या नावावर निघाला, आणि शेवटी आभारांत माझाही उल्लेख आहे : "कोणत्या पदांची गरज नाही, हे दाखवून दिल्याबद्दल." वेळापत्रक समितीवर मात्र मला घेतलंच. तिथे म्हणे निःपक्षपाती माणूस लागतो.

संध्याकाळी घरी मी तोंड पाडून बसलो होतो. सासूबाईंनी चहा पुढे ठेवला.

"रागावलात?"

"नाही आई. तुमचं काय चुकलं?"

"वाईट वाटून घेऊ नका. मला काय ठाऊक, तुम्हाला खरंच बदलून हवं होतं! पुढच्या वेळी टाकते हं थोडं काहीतरी."

मला एकदम हुशारी वाटली. मी कप खाली ठेवून पुढे सरकलो. "थोडं म्हणजे किती, आई?"

सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि कप उचलून स्वयंपाकघरात निघून गेल्या. चहा अजून अर्धा होता.