सातव्या चित्रातली जमीन

सृष्टीचं गुपित मला सापडलं होतं! मी आसेगावच्या शाळेचा मास्तर. साल एकोणीसशे सदतीस, ऐन उन्हाळा, आणि हातात अकोल्याहून आणलेला खोका कॅमेरा. पिंपळपानाच्या शिरा, नाल्याचे फाटे, बाभळीच्या फांद्या! सगळीकडे एकच नक्षी! हे जगात फक्त मला दिसलं होतं. आता आठ चित्रांची एक फिल्म भरायची, की जग चाट पडणार!

चित्र पहिलं. पिंपळपान. हललं.

चित्र दुसरं. कोळ्याचं जाळं. कोळी रागावला, मी हललो.

चित्र तिसरं ते सहावं. विचारू नका!

चित्र सातवं. इथं जरा थांबा. (मी थांबलो नाही, म्हणून तर पुढचं सगळं झालं.) माझी आई मनकर्णाबाई पाय पसरून तूर निवडत बसली होती. तिची टाच! काय त्या भेगा! नाल्याचे फाटे झक मारतील! जवळचं नीट दिसावं म्हणून मी आजोबांच्या चष्म्याची काच भिंगापुढं धरली.

"माय, हलू नको!"

"लोकं तोंडाचा फोटू काढतात, तू पायाचा काहून काढून राह्यला?"

"पायाचा नाई, निसर्गाचा!"

"मंग त्या निसर्गाले म्हन, आंधी पाय धुऊ दे!"

खट्!

चित्र आठवं. बहीण विजयमाला. हे मात्र कामाचं! कारंज्याकडच्या पुंजाजींनी मुलासाठी मुलीचा फोटो मागितला होता. विजूची आधीची तीन स्थळं हुकलेली. आणि पुंजाजींचा गुलाबराव तिनं जत्रेत गुपचूप बघून पसंत केलेला. आईला ठाऊक नव्हतं, मला होतं.

"दादा, हे नीट काढजो. हे गेलं तं मी जन्मभर तुह्याशी बोलनार नाई."

"अवं, शास्त्र आहे हे!"

खट्!

त्या शास्त्रात एक किल्ली असते. प्रत्येक चित्रानंतर ती फिरवायची, म्हणजे फिल्म पुढं सरकते. सातव्या चित्रानंतर मी ती फिरवलीच नव्हती. सुचणार कुठून! फिल्म अकोल्याला धाडली आणि वर ऐटीत लिहिलं, "मुलीचं चित्र छापून थेट पुंजाजींकडे पाठवा."

आठवड्यात पुंजाजी स्वतः दारात! टोपी काढली, टोपीतून फोटो काढला, माझ्यापुढं धरला. विजूचा चेहरा होता. पण कपाळापासून हनुवटीपर्यंत आईची टाच पसरली होती! सातवं आणि आठवं, एकावर एक!

आईनं डोकावून पाहिलं. आईनं ओळखली. कासवासारखे पाय लुगड्यात ओढून घेतले.

संपलं! चौथं स्थळ!

"मास्तर," पुंजाजी म्हणाले, "कोनतं वावर हाय हे?"

"अं?"

"हातभर काठी आत जाईन अशी भेग हाय! अस्सल काळी, भारी जमीन! पोरीच्या तोंडावरच छापून धाडली, म्हनजे पोरीच्या नावानं करून देता. असंच नं?"

आमची सगळी मिळून साडेतीन एकर बरड, नुसता मुरूम. दाराआडून विजूचे डोळे माझ्यावर रोखलेले.

"असंच!" मी म्हणालो.

"मंग दाखवा."

निघालो! ऊन असं, की डोक्यावर भाकर टाकली असती तर फुगली असती. पहिलं वावर, अर्थातच दुसऱ्याचं. पुंजाजी उकिडवे बसले, फोटो जमिनीशी धरला.

"हे नाई. फोटूत इथं तिठी हाय, तीन भेगा मिळतात, मंग भेग डावीकडे वळते."

दुसरं वावर.

"हे बी नाई."

"अहो, साऱ्या भेगा सारख्याच असतात!"

"कोनं सांगतलं?"

"मी... मी त्याचा अभ्यास करून राह्यलो."

"करा, करा. एका वावराची भेग दुसऱ्याले लागत नाई, मास्तर."

सहा वावरं! माझं सृष्टीचं गुपित सहा ठिकाणी फुटलं. जीभ लोंबवत घरी परतलो. आईनं पाण्याचा तांब्या दिला, वळली, आणि उंबरठ्यावर पाय उचलला.

पुंजाजींनी तांब्या खाली ठेवला. टाच पाहिली. फोटो पाहिला. फोटो उलटा धरून पुन्हा टाच पाहिली.

"सापडली! हेच ते तिठी!"

मी छताची आढी मोजू लागलो.

"मास्तर, मायची टाच दाखवून सोयरीक करता?"

विजूच बाहेर आली.

"मामाजी, आमची जमीन बरड हाय. भेगा साऱ्या मायच्या पायातच हायेत. दादा खोटं बोलला. आता सोयरीक मोडाची तं मोडा."

मामाजी, म्हणजे सासरेबुवा! पोरीनं नातं जोडूनसुद्धा टाकलं होतं!

पुंजाजींनी मिशी चोळली. एकदा विजूकडं पाहिलं. आज पहिल्यांदाच.

"बैल घेतांनी मी आंधी खूर पाह्यतो," ते म्हणाले. "सोयरिकीत आजच पाह्यला. बरड तुडवून असा झाला, म्हनजे घर कामाचं हाय. अन् पोरगी खरं बोलते. पसंत!"

"खूर?" आई कडाडली. "खूर कोनाले म्हनता हो?"

ठरलेली सोयरीक त्या एका शब्दापायी संध्याकाळपर्यंत तीनदा मोडली आणि तीनदा जुळली!

लग्न झालं. विजू सुखात आहे. तो फोटो पुंजाजींच्या ओसरीवर टांगलेला असतो. पाहुणे विचारतात, "जमीन भारी हाय! कोनाची?"

"इहीनबाईची," पुंजाजी गंभीरपणे सांगतात.

आई आता लेकीकडं मोजे घालून जाते, भर वैशाखातसुद्धा! मोजे मीच आणून दिले. त्यांची वीण, तुम्हाला म्हणून सांगतो, हुबेहूब मधाच्या पोळ्यासारखी आहे. पण मी घरात काही बोललेलो नाही.