रिकाम्या खुर्चीचा ग्रुप फोटो

माझ्यासमोर पन्नासेक मोठी माणसं पापणी न हलवता उभी राहिली आहेत. सगळी एकदम, आणि मी सांगितलं तशी. असं छातीठोक सांगू शकणारा दुसरा हौशी फोटोग्राफर तुमच्या ओळखीत असेल तर मला जरूर भेटवा. मी माझा कॅमेरा त्याच्या पायाशी ठेवून देईन.

'हौशी' हा शब्द माझा नाही, माझ्या सासऱ्यांचा आहे. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. ते हा शब्द असा उच्चारतात, की त्यापेक्षा 'बेकार' बरा वाटावा. मी फोटो काढतो ते रोजच्या जगण्याचे. दारातल्या चपला, दोरीवर वाळणारे मोजे, नळाच्या तोंडाशी अडून बसलेला थेंब. एकदा दुधावर साय कशी धरते ते टिपत होतो आणि त्या नादात दूध उतू गेलं. उतू जाणाऱ्या दुधाचे फोटो फार देखणे आले. पण त्याच दिवशी अण्णा चहाला आले होते आणि त्यांना बिनदुधाचा चहा प्यावा लागला. तेव्हापासून आमच्याकडे आले की ते आधी विचारतात, "जावईबापू, कॅमेऱ्यात दूध उरलंय का थोडं?"

असे हे अण्णा एका बंधुमंडळाचे जुने सभासद आहेत. दर महिन्याला काळा कोट चढवून, काखेत एक चपटी पेटी मारून ते सभेला जातात. पेटीत पांढरा चामडी एप्रन आणि निळा पट्टा असतो, एवढंच घरात ठाऊक आहे. मंडळाच्या बंद दारामागे काय चालतं हे इतकी वर्षं संसार करूनही सासूबाईंना कळलेलं नाही. एकदा त्यांनी फारच खोदून विचारलं, तेव्हा अण्णांनी "चांगलं चालतं" एवढंच सांगितलं होतं.

तर एका संध्याकाळी अण्णा आले, आणि दुधाचं न विचारता खुर्ची ओढून बसले. मी सावध झालो.

"तुमचा कॅमेरा चालतो ना?" ते म्हणाले.

"पळतो, अण्णा."

"पळायला नकोय. जागेवर राहू दे." मग त्यांनी घसा साफ केला. "या वर्षी मंडळाचं प्रमुखपद माझ्याकडे येतंय. त्या दिवशी आमचा ग्रुप फोटो असतो. तो मंडळाच्या भिंतीवर कायमचा लागतो. फोटो काढणारे आमचे बंधू मुलाकडे राहायला गेले. बाहेरच्या माणसाला आत घेत नाहीत, पण मी तुमच्यासाठी शब्द टाकलाय. माझी लाज राखा."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. बायको तर थक्कच झाली. "बाबांनी तुमच्यासाठी शब्द टाकला?" ती म्हणाली. "आपल्या लग्नाच्या वेळीसुद्धा टाकला नव्हता."

निघताना अण्णांनी दारात थांबून एकच सूचना केली. "आत कशालाही हात लावायचा नाही." मी मान डोलावली. आत मौल्यवान कपाटं वगैरे असतील, असा माझा समज झाला.

फोटोच्या दिवशी मी मंडळाच्या इमारतीत पोचलो. दाराशी पहारा करायला एक बंधू उभे होते. पेशाने ते दातांचे डॉक्टर. हातात भाला होता, त्यामुळे मी तोंड घट्ट मिटून घेतलं. त्यांनी मला हळू आवाजात समजावलं, "मावळते प्रमुख हातोडी उशीवर ठेवतील आणि खुर्चीवरून उठतील. नवे प्रमुख ती उचलेपर्यंत मंडळाला प्रमुख नसतो. तेवढा वेळ कुणी मोठा नाही, कुणी धाकटा नाही. फोटो त्याच वेळात निघतो. एरवी या दालनात फोटोला बंदी आहे. चला, आत्ताच खुर्ची रिकामी झालीये."

त्यांनी दार उघडून मला आत सोडलं आणि बाहेरून लावून घेतलं. मी तिथेच उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, माझा श्वास अडकला. छत गडद निळं, त्यावर सोनेरी चांदण्या रंगवलेल्या. खाली काळ्यापांढऱ्या फरशा. भिंतींवर मागच्या सगळ्या वर्षांचे ग्रुप फोटो, जुन्यात जुना तर चहासारखा तपकिरी झालेला. समोर तीन पायऱ्यांवर एक भलीमोठी कोरीव खुर्ची, रिकामी. तिच्यापुढच्या मेजावर मखमली उशी आणि उशीवर एक छोटी लाकडी हातोडी. मी आयुष्यभर चपला आणि मोजे टिपत आलो आणि शहराच्या पोटात हे असं काही आहे याचा मला पत्ताच नव्हता. देवळात गेल्यासारखा माझा आवाज आपोआप बसला.

बंधूंचा आवाज मात्र बसलेला नव्हता. प्रमुख नाही म्हटल्यावर वर्गातून मास्तर गेल्यासारखं झालं होतं. एक शिंपी बंधू सगळ्यांचे पट्टे ओढून सरळ करत फिरत होते. दोघं गुडघेदुखीवरच्या औषधांची तुलना करत होते. मावळते प्रमुख, म्हणजे औषधांच्या दुकानाचे मालक, त्यात तज्ज्ञ म्हणून सामील झाले. मी तिपाईवर कॅमेरा लावला.

"जरा इकडे बघता का?" मी म्हणालो.

चारजणांनी बघितलं. बाकीच्यांनी त्यांना काय बघताय म्हणून विचारलं, मग चौघं ते सांगू लागले. मी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी उत्तरादाखल टाळ्या वाजवल्या. मधोमध उभे असलेले अण्णा माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत 'शब्द टाकलाय' एवढंच लिहिलेलं होतं.

मला घाम फुटला. आणि उशीवरची हातोडी समोर होती. मी ती उचलली आणि मेजावर तीनदा ठोकली.

काय सांगू तुम्हाला! सगळं दालन जागच्या जागी थांबलं. शिंप्याचा हात दुसऱ्याच्या पट्ट्यावर तसाच राहिला. औषधवाल्यांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. कुठल्याशा घड्याळाची टिकटिक पहिल्यांदा ऐकू आली. माझी हुकमत इतकी असेल असं मलाही वाटलं नव्हतं. मी हातोडी पँटच्या मागच्या खिशात खोचली आणि कॅमेऱ्याकडे धावलो.

"रांगेत या."

ते आले. धक्का नाही, बुक्की नाही. मागे उंच, पुढे ठेंगणे.

"ज्यांना चष्मा आहे त्यांनी काढा. काच चमकते."

पन्नासेक हात वर गेले आणि चष्मे उतरले. त्यात अण्णाही होते. ज्या माणसाने माझ्या सांगण्यावरून कधी पंख्याचं बटण बंद केलं नाही, त्याने माझ्या सांगण्यावरून चष्मा काढला. मी भारावून गेलो.

"हनुवटी वर. आता थोडं हसा."

सगळे थोडं हसले. अगदी थोडं, सारख्याच मापाने. मी फोटो काढत सुटलो. चेहऱ्यांवर वरच्या झरोक्यातून उजेड पडत होता आणि एकाचीही पापणी लवत नव्हती. इतकी स्थिर, इतकी एकचित्त माणसं मी कधी पाहिली नव्हती. हा माझ्या आयुष्यातला सर्वात सुंदर फोटो होता, यात मला आजही शंका नाही.

"झालं," मी म्हणालो. "आभारी आहे."

कुणी हललं नाही.

"झालं म्हटलं. बसा आता."

सगळे एकदम बसले. खुर्च्या नव्हत्या, ते फरशीवर बसले. आणि वर बघत राहिले, माझ्याकडे, ते थोडंसं हसू चेहऱ्यावर तसंच ठेवून.

माझी पाचावर धारण बसली. "अहो, उठा, उठा," मी म्हणालो. ते उठले. औषधवाल्यांचे गुडघे कडाडले, पण तोंडातून हूं नाही. मी अण्णांजवळ गेलो. "अण्णा, काय झालंय? काहीतरी बोला ना." अण्णांचे डोळे मात्र बोलत होते. ते आधी माझ्या चेहऱ्याकडे गेले, मग माझ्या कमरेमागे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. मला वाटलं शर्ट बाहेर आलाय. मी तो नीट खोचला.

शेवटी दातांच्या डॉक्टरांनी दार किलकिलं करून आत डोकावलं. "जेवण गार होतंय, फोटो झा..." एवढं म्हणेपर्यंत त्यांचा भाला फरशीवर पडला.

"हातोडी कुणी उचलली?"

"मी."

"कुठेय?"

मी पाठ वळवून खिसा दाखवला. त्यांनी छतावरच्या चांदण्यांकडे बघितलं. मग त्यांनी सांगितलं ते असं: हातोडी ज्याच्याकडे, तो मंडळाचा प्रमुख. प्रमुखाचे तीन ठोके पडले की बोलायचं नाही आणि आज्ञेशिवाय हलायचं नाही. सुटका फक्त प्रमुखाच्या एका ठोक्याने. ते स्वतः तेव्हा दाराबाहेर होते म्हणून त्यांना बोलता येत होतं.

"म्हणजे हे सगळे..."

"तुमची आज्ञा पाळतायत, प्रमुख."

मी हातोडी काढून मेजावर एक ठोका दिला. दालनभर एक मोठा सुस्कारा निघाला. मी अण्णांचे पाय धरायला वाकलो, तर त्यांनीच मला खांद्याला धरून उभं केलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "बंधूंनो," ते म्हणाले, "माणूस मी आणलाय. चूक माझी."

त्या वाक्याने मला जेवढं लागलं तेवढं त्यांच्या कुठल्याच टोमण्याने लागलं नव्हतं. मी सुचवलं की हातोडी गुपचूप उशीवर ठेवतो, आपण काही झालंच नाही असं समजू. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवाची मूर्ती पिशवीत घालून न्यायचं म्हणालोय. नियम म्हणजे नियम. मी प्रमुख होतो, त्यामुळे पद माझ्याकडूनच जायला हवं होतं. आणि मंडळाला प्रमुख असताना काढलेले फोटो बाद. मी माझ्याच हाताने ते एकेक करून पुसले. शेवटचा पुसताना डोळ्यांत पाणी आलं.

मग त्यांनी मला त्या कोरीव खुर्चीत बसवलं. अंगात चौकटीचा शर्ट, मांडीवर हातोडी. नवे प्रमुख मावळत्या प्रमुखांपुढे गुडघा टेकून तीन वाक्यं म्हणतात. औषधवाले हळूच म्हणाले, "अण्णा, मनातल्या मनात म्हटलं तरी चालेल." अण्णांनी मान हलवली. पायऱ्या चढून आले, दुखरा गुडघा माझ्यापुढे टेकला आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"मी आपल्याकडून शिकलो. मी आपल्या सावलीत वाढलो. आपण नसता तर मी इथवर आलो नसतो."

एक शब्द गिळला नाही. मला ते काही केल्या विसरता येत नाही. हा माणूस मला किती कमी लेखतो ते मला ठाऊक होतं. पण ज्या गोष्टीला त्याने आयुष्य दिलं होतं, तिच्यासाठी तो माझ्यासमोरही वाकला, आणि वाकताना लहान झाला नाही. मी हातोडी उशीवर ठेवली.

खुर्ची रिकामी झाली. मी कॅमेऱ्याकडे पळालो. तेवढ्यात कुणीतरी फिसकन हसलं. मग शिंपी हसले, मग औषधवाले, आणि पन्नासेक माणसं एप्रन सावरत, एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकत हसायला लागली. शेवटी अण्णाही. घाईत माझा हात तिपाईला लागला. तिपाई सरळ करायला वेळ नव्हता. एकच फोटो निघाला आणि अण्णांनी हातोडी उचलली. तिथून निघताना मलाही शपथ घ्यावी लागली, की यातलं काही पत्नी, मुलं, शेजारी यांना सांगणार नाही. वाचकांचा उल्लेख शपथेत नव्हता, म्हणून तुम्हाला सांगतोय.

तोच फोटो आता मंडळाच्या भिंतीवर आहे. एक प्रत घेऊन अण्णा आमच्याकडे आले. फोटो तिरका आलाय, निम्म्यांचे डोळे मिटलेले, कडेचे तीनचार बंधू धुरासारखे दिसतात. आणि मधोमध अण्णा, मान मागे टाकून खदाखदा हसताना.

बायकोने फोटो उजेडाकडे धरला. "बाबांना असं हसताना मी आजवर पाहिलं नाही," ती म्हणाली. "झालं काय होतं?"

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा चहाकडे बघत होते.

"काही नाही गं," ते म्हणाले. "हौशी माणूस. हात हलला त्याचा."

"कमाल आहे तुमची," बायको माझ्याकडे वळली. "एवढी मोठी माणसं समोर उभी होती, आणि तुम्हाला एक फोटो सरळ काढता येत नाही?"

"शिकतोय," मी पुटपुटलो.

अण्णांनी कप खाली ठेवला. "कुणाकडून शिकताय, जावईबापू?"

"आपल्याकडून," मी म्हणालो, आणि त्यांचा रिकामा कप उचलून आत गेलो.