प्रौढ मांजरांसाठी

"अहो, शाम्पू कुठे गेला?" बायकोने बाथरूमच्या दाराआडून विचारलं.

"टाकून दिला. त्याला शंभरपैकी नऊ गुण होते."

"माझे केस भिजलेत."

"भिजल्याने काही होत नाही. नऊ गुणांनी होतं."

दारापलीकडे नळ जोरात बंद झाला.

तो लेबलं छापणाऱ्या एका छापखान्यात तपासनीस होता. डब्यांची, बाटल्यांची, पुड्यांची लेबलं छपाईला जाण्याआधी प्रूफ त्याच्या टेबलावर येई. भिंग लावून तो अक्षर अन् अक्षर बघायचा आणि खाली सही करायचा. बावीस वर्षं घटकपदार्थांची यादी वाचण्यात गेली, पण ती वाचून घाबरायचं असतं हे त्याला कधी सुचलं नव्हतं. दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल बघून "जरा खाण्याकडे लक्ष द्या" एवढंच म्हटलं आणि त्याने मोबाइलवर ते अ‍ॅप घेतलं. वस्तूच्या बारकोडसमोर मोबाइल धरला की अ‍ॅप तिचं नाव सांगे आणि गुण देई. दिवसभर भिंगातून बघून डोळे थकत, म्हणून त्याने गुण मोठ्याने बोलून सांगायची सोयही चालू केली. तेव्हापासून घरातल्या कपाटांना वाचा फुटली.

बिस्किटं नापास झाली, सॉस नापास झाला, बायकोची क्रीम अकरा गुणांवर गेली. त्याच्या धाकट्या बहिणीने लिपस्टिक बुटात लपवली. छापखान्यातही दुपारच्या सुट्टीत तो लोकांच्या पुडक्यांवर मोबाइल धरू लागला. त्यामुळे मशीनवरचा एक कारागीर जिन्यात बसून जेवायला लागला. तपासनिसाला वाटलं, त्याला मोकळी हवा आवडत असेल.

अशात बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा तिनेच निवडला होता. आता त्याचे आईवडील पहिल्यांदाच चहाला येणार होते. वडील मितभाषी. आई निवृत्त मुख्याध्यापिका, आणि घरीही मुख्याध्यापिकाच, असं मुलाने आधीच सांगून ठेवलं होतं.

"दादा, आज तो मोबाइल बाहेर काढू नकोस," बहीण म्हणाली.

"मी कशाला काढतोय?"

चहाबरोबर बायकोने भाजलेल्या पावाचे त्रिकोणी तुकडे आणले. त्यावर मासळीचा मऊ लगदा आणि वर काकडीची एकेक चकती. मुख्याध्यापिकांनी एक तुकडा घेतला. मग दुसरा. तिसरा घेताना त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हसू आलं.

"हे घरी केलंत?"

"हो," बायको म्हणाली. "कालच मासे आणले होते."

बहीण आपल्या पायांच्या बोटांकडे बघायला लागली.

"मला कृती लिहून द्या," म्हणत मुख्याध्यापिकांनी चौथा तुकडा उचलला.

तपासनिसाची छाती फुगली. पाहुण्यांना पाणी आणावं म्हणून तो स्वयंपाकघरात गेला. केराच्या डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं. ते बसवायला तो वाकला आणि आत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी कडक हाताला लागलं. कागद सोडला, तर आत मासळीचा रिकामा डबा. आपल्या घरात डब्यातलं अन्न, आणि तेही आपल्यापासून लपवून? खिशातून मोबाइल कधी निघाला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"मांजरांचं खाद्य," मोबाइल खणखणीत आवाजात म्हणाला. "मासळीच्या चवीचं. प्रौढ मांजरांसाठी. माणसांसाठी गुण उपलब्ध नाहीत."

स्वयंपाकघराला दार नव्हतं, नुसती कमान होती. बाहेरच्या खोलीत कुणाची तरी बशी किणकिणली.

तेवढ्यावर तो गप्प बसला असता, तरी काहीतरी सावरलं असतं. पण तो डबा हातात घेऊन बाहेर आला.

"हे काय आहे?"

"अहो, त्यावर माशाचं चित्र आहे," बायको हळू आवाजात म्हणाली. "मासळीचा लगदा म्हणून लिहिलंय. वाचा ना."

"मांजरं मासळीच खातात. आणि लेबलाचं काय सांगतेस मला? लेबल कुणीही काहीही छापतं. कोड खोटं बोलत नाही."

मुख्याध्यापिकांनी अर्धा खाल्लेला चौथा तुकडा बशीच्या काठावर अगदी नीट ठेवला, रुमालाने ओठ टिपले आणि उठल्या.

"आम्ही निघतो."

"मी दोनच खाल्ले," मुलाचे वडील म्हणाले. ते नेमकं कुणाला उद्देशून होतं, हे कुणाला कळलं नाही.

पुढचे तीन दिवस त्यांच्याकडून फोन नाही. बहीण घरात असून नसल्यासारखी वावरत होती. बायको भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती एकदाच बोलली, तेही भाजी चिरता चिरता.

"त्या दिवशी माझ्या हातून लगदा बिघडला. दुसरं काही करायला वेळ नव्हता, म्हणून डबा आणला. आणि माझ्याच घरात, तुमच्या धाकाने, मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून टाकला. चोरी केल्यासारखा."

पण मांजरांचं खाद्य ते मांजरांचं खाद्य, असं तो मनाशी म्हणत राहिला. तेवढा एकच आधार उरला होता.

चौथ्या दिवशी मालकांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तसाच डबा होता. नुसता तसाच नव्हे, त्याच मालातला. वर माशाचं चित्र.

"हे आपलं काम," मालक म्हणाले. "डबेवाल्या कंपनीचा फोन आलाय. हा डबा दुकानात काउंटरवर धरला की मांजरांचं खाद्य म्हणून नोंद होते. त्याच कंपनीच्या मांजरांच्या डब्याचा कोड यावर छापला गेलाय. प्रूफवर सही कोणाची आहे?"

सही त्याचीच होती. ठसठशीत, खाली दोन रेघा मारलेली. गवंड्याला जशी प्रत्येक वीट आठवत नाही, तसं त्यालाही लेबल आठवत नव्हतं. पण खालची तारीख वाचली आणि दिवस आठवला. त्या दिवशी प्रूफ टेबलावर उघडं टाकून तो कारागिराच्या पुडक्यावर मोबाइल धरायला गेला होता. परत येऊन न बघताच सही केली होती.

"कोडाचे आकडे जुळवून बघायचे असतात, हे मी तुम्हाला सांगायचं?" मालकांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर सोपं गेलं असतं.

उरलेला दिवस तो गोदामात बसून परत आलेल्या डब्यांवर दुरुस्तीच्या चिकटपट्ट्या लावत होता. जिन्यातला कारागीर शेजारी येऊन बसला आणि त्यानेही चिकटवायला सुरुवात केली. ते तर तपासनिसाला अगदीच सहन झालं नाही. तिथेच त्याने मोबाइलमधून अ‍ॅप काढून टाकलं.

घरी त्याने चपला काढण्याआधीच बायकोला सगळं सांगितलं.

"म्हणजे मी त्यांना मासेच खायला घातले?"

"हो."

ती खुर्चीवर बसली. बहीण आतून बाहेर आली.

"मला काय सांगताय?" बायको म्हणाली. "तिकडे जाऊन सांगा. मी येते बरोबर. मलाही सांगायचंय."

मुख्याध्यापिकांनी त्यांना समोर बसवलं. तपासनिसाने कोड, प्रूफ, सही, सगळं सांगितलं. शाळेत गृहपाठ न करता गेल्यावर व्हायचे तसे त्याचे कान तापले होते. मग बायकोने सांगितलं, "ते मी घरी केलेलं नव्हतं. विकतचं होतं. कृती मला येत नाही." बोलताना तिने साडीचा काठ बोटाला इतका गुंडाळला की बोट पांढरं पडलं.

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"मी चार खाल्ले," त्या म्हणाल्या. "वर कृतीही विचारली. मला वाटलं, तुम्ही घरी पोट धरून हसत असाल. लग्नात सगळ्यांना सांगाल. म्हणून फोन करायचं धाडस झालं नाही. तुमचा राग नव्हता हो, माझीच मला लाज वाटत होती."

चार दिवस दोन घरं एकमेकांना तोंड दाखवायला लाजत बसली होती. लग्नाची तारीख मग पाच मिनिटांत ठरली. चहाही आला, नुसता.

"पण मला एक सांगा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "कोड मांजरांच्या डब्याचा होता आणि अ‍ॅपने मांजरांचं खाद्य सांगितलं. म्हणजे अ‍ॅप बरोबर होतं?"

तपासनिसाला नाही म्हणणं सोपं होतं. पण आज खरं बोलायला म्हणूनच तो आला होता.

"बरोबर होतं. चूक पूर्णपणे माझी."

"वाटलंच मला," त्या समाधानाने म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून मोबाइल काढला. "त्याच दिवशी मी हे घेतलं. म्हटलं, सगळे तोंडदेखलं बोलत असताना एक तरी वस्तू खरं सांगते. अर्धं घर रिकामं केलंय. या तुमच्या मिसेस कुठली पावडर लावतात?"

निघताना मुलाचे वडील फाटकापर्यंत सोडायला आले. मागे वळून दाराकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले,

"माझं लोणी गेलं. टूथपेस्ट गेली. काल दाढीचा साबण गेला."

"मला फार वाईट वाटतं," तपासनीस म्हणाला. आणि ते खरंच होतं.

"अ‍ॅप चुकलं, एवढं एक वाक्य तुम्ही बोलला असतात तर मी सुटलो असतो." त्यांनी फाटकाची कडी लावली. "सगळंच खरं बोलायची काय गरज होती?"