एका संध्याकाळपुरता अंधार

काकूंच्या दुसऱ्याही डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पट्टी निघाल्याबरोबर त्यांनी नवऱ्याकडे चांदण्या मागितल्या.

"कित्येक वर्षं वर नुसता गिलावा दिसतोय हो मला," त्या म्हणाल्या. "आज चांदण्या दाखवा."

मागणी बिनखर्चाची होती. पण गॅलरीच्या अगदी नाकासमोर रस्त्याचा दिवा होता आणि तो लागला की वरचं आकाश पार पांढुरकं पडायचं. काका वीज कार्यालयात तक्रारींच्या टेबलावर बसत. दिवा गेल्याची तक्रार आली की ते "बघतो" म्हणत, म्हणून अख्खी गल्ली त्यांना बघतोकाका म्हणे. गेलेला दिवा किती सावकाश परत येतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा एका संध्याकाळपुरता एक दिवा गेला, तर कुणाचं काय बिघडणार होतं? त्यांनी ओळखीच्या वायरमनला गळ घातली.

अंधार पडल्यावर ठरल्याप्रमाणे दिवा गेला. पण त्याच्याबरोबर गल्लीतल्या सगळ्याच खांबांवरचे दिवे गेले.

"एकट्या खांबाला वेगळा फ्यूज नाही काका," वायरमन फोनवर म्हणाला. "सगळी गल्ली एकाच फ्यूजवर आहे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं की!" काकांनी ठोकून दिलं आणि घाम पुसला.

घरातले दिवे मालवून त्यांनी काकूंना हाताला धरून गॅलरीत बसवलं, तोच दार वाजलं. दारात समोरचा शिंपी उभा होता. "काका, खाली मिट्ट काळोख आहे! गिऱ्हाइकाचा कोट घेऊन मी थेट मावशींच्या कुंड्यांत आडवा झालो."

"दोन कुंड्या फुटल्या माझ्या!" मागून तळमजल्यावरच्या मावशी आल्या. "वीजवाला आपल्या इमारतीत राहून उपयोग काय?"

"बघतो," काका सवयीनं म्हणाले.

"तुमचं बघून होईपर्यंत माझी हाडं मोडतील," मावशी म्हणाल्या. "मी तुमच्या नव्या साहेबांनाच फोन केलाय."

नवे साहेब म्हणजे नुसती आग. कामचुकाराला घरी बसवीन, असं त्यांनी आल्या आल्या सगळ्यांना बजावलं होतं. आणि साहेब खरंच आले. माणसांना खाली बिघाड शोधायला लावून ते बॅटरी घेऊन जिना चढले. मावशींनी कौतुकानं त्यांना गॅलरीपर्यंत आणून सोडलं; मागोमाग शिंपीही आला.

"कोण आहे ते? आधी ती बॅटरी बंद करा!" वरची नजर न काढता काकू कडाडल्या. "अहो, एवढ्या चांदण्या असतात, आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही! माझ्यासाठी ह्यांनी मुद्दाम दिवे घालवलेत गल्लीतले. करतो का कुणाचा नवरा एवढं?"

नोकरी गेली, हे काकांना कळून चुकलं. पळावं तर दारात साहेब. मग दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनीही वर पाहिलं, आणि पाहतच राहिले. जन्मभर खांबावरच्या दिव्यांपायी त्यांनी बोलणी खाल्ली होती. त्या दिव्यांच्याही वर पाहायचं राहूनच गेलं होतं. केवढा तो पसारा! तिथं एकही दिवा गेलेला नव्हता आणि कुणाची काही तक्रार नव्हती. काकांना एकदम हलकं वाटलं. काकूंनी चाचपडत त्यांचा हात धरला, तो त्यांनी चारचौघांत राहू दिला.

"बटणांचा डबा सांडलाय जणू," शिंपी पुटपुटला.

"ती निळसर कुठली हो?" मावशींनी विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं.

बॅटरी कधी विझली ते कळलंच नाही. साहेब कठड्याला टेकून, मान मागे टाकून उभे होते.

तेवढ्यात खालून हाक आली, "साहेब, सापडला बिघाड! कुणीतरी फ्यूज काढलाय. लावू?"

काकांनी डोळे मिटून घेतले. साहेब कठड्यावरून खाली वाकले.

"असा लगेच सापडतो होय बिघाड?" ते खेकसले. "पहिल्या खांबापासून पुन्हा नीट बघत या. आणि घाई करू नका!"