खटावकरांच्या प्रशिक्षणाचा खर्च

नोटरी श्रीरंग खटावकर यांच्या प्रशिक्षणावर सरकारनं केलेला खर्च सोमवारी सकाळी साडेनऊच्या एसटीनं त्यांच्या घरी राहायला आला.

पन्नाशीचा, अंगानं भरलेला, तपकिरी सफारीतला गृहस्थ. हातात रेक्झिनची पिशवी, खिशात पत्र. दारात चपला काढून त्यानं त्या नीट भिंतीला लावल्या आणि म्हणाला, "वजन चौऱ्याऐंशी किलो. पत्रात आहेच, पण एकदा ताडून घ्या, म्हणजे नंतर वाद नको."

कुमुदिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं पत्राकडे. पत्र साधं होतं. खर्च नोटरीच्या घरी राहील आणि रोज त्यांच्या कामाच्या जागी बसेल. प्रशिक्षणाचा उपयोग झाला तर तो भरेल, न झाला तर झिजेल. तीन आठवड्यांनी तपासणी होईल. वजन साठ किलोच्या खाली आढळलं तर प्रशिक्षण वाया गेलं असं समजून नोटरीचं प्रमाणपत्र रद्द होईल आणि खर्च निकालात काढला जाईल.

"निकालात म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे मी झालोच नव्हतो असं धरतात," खर्च म्हणाला.

"अगंबाई. बसा भावजी, चहा ठेवते."

खटावकर मात्र पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. प्रशिक्षण दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या गावी झालं होतं, तीन दिवसांचं. त्यातलं त्यांना काय आठवत होतं म्हणाल, तर दुसऱ्या दिवशीची बासुंदी. बासुंदीनंतर जे काही शिकवलं ते त्यांनी डोळे मिटून ऐकलं होतं.

"काय शिकवलं होतं हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"एकच गोष्ट," खर्च बशीत चहा ओतत म्हणाला. "आधी मान वर करायची. समोर माणूस आहे का बघायचं. मग शिक्का."

आता यात अवघड ते काय? पण खटावकरांना विचारा. तहसील कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं टेबल होतं आणि बावीस वर्षांत त्यांनी त्या टेबलावरून मान वर केली नव्हती. एजंट गठ्ठा आणून ठेवायचे. 'माझ्यासमक्ष सही केली' या ओळीखाली खटावकर शिक्का मारायचे, सही ठोकायचे, पुढचा कागद. ज्यांच्या सह्या, ती माणसं कुठं शेतावर, कुठं सासुरवाडीला, कुणी तर दुबईत. दिवसाला साठ-सत्तर माणसं खटावकरांच्या समक्ष येत असत, पण सगळी कागदावरच.

खर्च शेजारी स्टूल घेऊन बसला. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याची कॉलर सैल झाली.

"एका गैरहजर माणसामागे साधारण पंचवीस ग्रॅम," तो म्हणाला. तक्रार म्हणून नाही, नुसतं माहितीसाठी.

पहिल्या शनिवारी समोरच्या भुसार दुकानातल्या काट्यावर तो शहात्तर भरला. कुमुदिनीबाईंनी डिंकाचे लाडू केले, तुपाची धार वाढवली, दुधात हळद घालून दिली. तो सगळं आवडीनं खायचा, ताट स्वच्छ करायचा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दीड किलो कमी होऊन परत यायचा. बाई सफारी आत घ्यायला सुईदोरा घेऊन बसल्या, तेव्हा त्यानं हात जोडले. "नको वहिनी. कापड सरकारी मापाचं आहे, बदलता येत नाही." मग त्यानं पट्ट्याला खिळ्यानं एकेक भोक पाडत नेलं. शेवटी पट्टा संपला, तसा तो एका हातानं विजार धरून चालायला लागला.

बाईंना हे सहन होईना. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "माझ्या घरात राहून माणूस वाळतोय. लोक मला काय म्हणतील? मान वर करायला काय जातं हो तुमचं?"

"सवय गं."

"सवयच ना? मग मोडा की."

खटावकरांनी प्रयत्न केला, नाही असं नाही. पण बावीस वर्षं खाली राहिलेली मान, ती काय अशी वर येते? दहा कागदांना एकदा यायची, तीही घाम पुसायला. शिवाय मान वर केली की समोर एजंट दिसायचा आणि एजंट म्हणायचा, "काय वकीलसाहेब, बरं वाटत नाही का?" की मान पुन्हा खाली.

तपासणीच्या दिवशी सकाळी खर्च साठ किलो आणि अर्धा पाव भरला. तपासणी अधिकारी कोठुळे आदल्या संध्याकाळीच विश्रामगृहात उतरले होते. खटावकरांनी इस्त्रीचा कोट घातला. बाईंनी खर्चाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि हातावर दही ठेवलं.

अकरा वाजता शेडमध्ये साहेब आले नाहीत. त्यांचा शिपाई भिवाजी आला. निवृत्तीला टेकलेला, सायकलवर, बगलेत लखोटा. आत तपासणीचा अहवाल होता, पूर्ण भरलेला. खर्चाचं वजन चौऱ्याऐंशी किलो. प्रशिक्षणाचा पुरेपूर उपयोग. शेरा उत्तम. खाली एक ओळ: 'तपासणी अधिकारी माझ्यासमक्ष हजर झाले व त्यांनी तपासणी केली.' त्याखाली नोटरीच्या शिक्क्यापुरती जागा.

"साहेब?" खटावकरांनी विचारलं.

"साहेब कुठंच जात नाहीत," भिवाजी म्हणाला. "विश्रामगृहातूनच करतात सगळं. मारा शिक्का, मला पुढच्या तालुक्याचा लखोटा द्यायचाय."

खटावकरांच्या छातीवरचा धोंडाच उतरला. शेरा उत्तम! त्यांनी शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर दाबला. शेजारी खर्च दोन्ही हातांनी विजार धरून उभा होता. काट्यावर जायचं म्हणून तो सकाळपासूनच उभा होता.

"हे तुमचे साहेब गैरहजर," खटावकर कागदाकडे बघतच त्याला म्हणाले. "यांचेही पंचवीस ग्रॅमच ना?"

"अधिकारी आहेत. दीडेक किलो तरी जाईल."

"पण इथं चौऱ्याऐंशी लिहिलंय."

"हो. कागदावर मी चौऱ्याऐंशी राहीन."

"आणि तुम्ही?"

"मी कागदावरच राहीन," खर्च म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच खटावकरांना लागलं. तीन आठवडे हा माणूस त्यांच्या ओट्यावर झोपला होता. रोज सकाळी चपला भिंतीला नीट लावल्यात का बघत होता. खटावकरांनी शिक्का खाली ठेवला आणि मान वर केली. मानेत कडकन आवाज झाला, पलीकडच्या टायपिस्टनं वळून पाहिलं.

"साहेबांना समक्ष यावं लागेल," खटावकर म्हणाले.

भिवाजी बघतच राहिला. "साहेब चिडतील."

"चिडू देत. पण समक्ष चिडू देत."

भिवाजी सायकल काढून गेला. साहेब आले आणि खरंच चिडले तर प्रमाणपत्र गेलं, बावीस वर्षांचं टेबल गेलं. पण मान एकदा वर आली होती, ती खाली जाईना. त्यांनी एजंटांचे गठ्ठे परत केले आणि माणसं बोलवा म्हणून सांगितलं. दुपारपर्यंत शेडबाहेर रांग लागली. रांगेत एक म्हातारी होती. तिच्या हयातीचा दाखला खटावकर अकरा वर्षं करत होते.

"तुम्हीच का गोदावरीबाई?"

"मीच की."

"मला वाटायचं, तुम्ही उंच असाल."

"होते पूर्वी," म्हातारी म्हणाली.

दीड वाजता कोठुळेसाहेब आले, चालत. चिडलेले नव्हते, ओशाळलेले होते. छातीशी कापडी पिशवी धरलेली. खुर्चीवर बसून त्यांनी ती मांडीवर घेतली आणि तिचं तोंड थोडं उघडून दाखवलं. आत मफलरमध्ये गुंडाळलेला एक वीतभर गृहस्थ होता, सफारीतच.

"तपासणीचा खर्च," साहेब म्हणाले. "माझ्या ताब्यात दिला तेव्हा एकशेदहा किलो होता. मी कुठं गेलोच नाही. विश्रामगृहात बसून सह्या केल्या, हा झिजत गेला. मग याला घेऊन बाहेर पडायची लाज वाटायला लागली, म्हणून आणखीच जाईना झालो."

खटावकरांनी आपल्या खर्चाला पुढे केलं. समोरच्या दुकानात काटा झाला. एकसष्ट किलो चारशे ग्रॅम. साहेबांनी काटा दोनदा वाचला, चौऱ्याऐंशी खोडून एकसष्ट चारशे लिहिलं आणि 'पुढील तपासणीपर्यंत खर्च नोटरीकडेच राहील' अशी ओळ घातली. खटावकरांनी साहेबांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. डाव्या कानाखाली तीळ होता, दाढी घाईत केलेली होती. मग त्यांनी शिक्का मारला.

पिशवीतून बारीक खोकला ऐकू आला. साहेबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"जड झाली," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"पावशेर असेल," खटावकरांचा खर्च म्हणाला. "सुरुवात म्हणून चांगलं आहे."

तेवढ्यात कुमुदिनीबाई डबा घेऊन आल्या. कुणालाही काही न विचारता त्यांनी झाकणात थोडा दूधभात कालवला आणि पिशवीपाशी ठेवला.

राहिला एक कागद. त्यावर खर्चानं सही करायची होती, की मी अमुक खर्च, या नोटरीकडे राहण्यास माझी हरकत नाही. त्यानं सही केली आणि कागद पुढे सरकवला. खटावकरांचा हात शिक्क्याकडे गेला, मध्येच थांबला. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"आहात," ते म्हणाले आणि शिक्का मारला.

खर्चानं पट्टा ओढून पाहिला. शेवटचं भोक लागलं. त्यानं विजारीवरचा हात काढला, थोडा वेळ तसाच उभा राहिला, आणि मग जेवायला बसला.