बुरूज वर, भिंत खाली

थोरल्या लेकीचं लग्न ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. मुलगा लेकीनेच शोधला होता. वडीलधाऱ्यांनी एकमेकांची तोंडं बघून माना डोलवायच्या, एवढंच उरलं होतं. मुलाकडची माणसं रविवारी येणार होती आणि त्याआधी घराला रंग लावायचा होता.

घर खाडीच्या काठावर, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. पाण्याकडची भिंत लेकीच्या आजोबांच्या वेळेपासून पिवळी. लेकीचा बाप नेहमीप्रमाणे पिवळ्या रंगाचे डबे घेऊन आला, तसा बायकोने कपाळाला हात लावला.

"पुन्हा पिवळा? घर आहे की कावीळ झालेला माणूस? येणाऱ्यांना वाटेल, इथे साथ आहे."

"अगं, ती भिंत म्हणजे होडीची खूण आहे. बाबांनी शिकवलंय."

"तुम्हाला कशाला लागते खूण? परवाच तर धक्क्यावर सांगत होतात, मी डोळे मिटून होडी आणतो म्हणून!"

स्वतःच्याच फुशारकीत पाय अडकलेला माणूस बोलणार काय? बायकोने हिरवा रंग आणला. शिडीवर चढून त्यानेच तो लावला. पिवळे डबे वाया जायला नकोत म्हणून खालच्या अंगाला राहणाऱ्या शिंप्याला देऊन टाकले, आणि देताना दानशूरपणे म्हणालाही, "घे. तुझीही भिंत जरा माणसांत येऊ दे."

लेकीच्या बापाला सगळे बिनचूक म्हणायचे. खरं नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच. तो फिरायला आलेल्या लोकांना होडीतून खाडीच्या मुखापर्यंत न्यायचा, पक्षी दाखवायचा, जुन्या गोष्टी सांगायचा आणि परत आणायचा. ही खाडी भरतीला समुद्र वाटते, पण ओहोटीला नुसता चिखल. मधून एकच खोल पट्टा जातो, तोही वाकडा. येताना टेकडीवरचा जुना बुरूज बरोबर पिवळ्या भिंतीच्या डोक्यावर दिसला पाहिजे, म्हणजे होडी खोल पट्ट्यात आहे असं समजायचं. बापाने त्याचं गाणंच करून दिलं होतं: बुरूज वर, भिंत खाली, की समज होडी खोलात आली. आमच्या घराण्याची होडी कधी तळाला लागली नाही, हे बिनचूक दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचा. ऐकायला कुणी नसलं तर बगळ्यांना.

रविवारी मुलाकडची तिघं आली. होणारा जावई गळ्यात दुर्बीण अडकवून, विहीणबाई इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, आणि व्याही. व्याही स्टेशनमास्तर. अंगाने काठीसारखे, मनगटावर घड्याळ, आणि ते घड्याळ वेळ दाखवत नसून वेळच त्याला विचारून चालते आहे असा चेहरा. संध्याकाळच्या गाडीने त्यांना ड्यूटीवर परत जायचं होतं.

बसल्या बसल्या ते म्हणाले, "मी माणसाची परीक्षा एकाच गोष्टीवरून करतो. गाडीला उशीर झाला की कारण सांगत सुटतो तो माणूस आपला नाही. सिग्नल पडला नाही, गाय आडवी आली... अशा माणसाशी आमचं जमत नाही."

"आमचंही नाही!" बिनचूक मांडीवर थाप मारून म्हणाला. "चला, तुम्हाला खाडी दाखवतो."

बायको आणि लेकीबरोबर म्हातारी आत्याही निघाली. बिनचूकच्या बापाची धाकटी बहीण. दात सगळे गेलेले, पण जीभ शाबूत.

"आत्या, ऊन लागेल."

"लागू दे. ऊन माझ्याहून म्हातारं आहे, मला ओळखतं."

जाताना सगळं छान झालं. बिनचूकने खारफुटीची मुळं दाखवली, पूर्वी मिठाच्या बोटी लागायच्या तो पडका दगडी धक्का दाखवला, बुरुजावर जाळ करून जहाजांना वाट दाखवायचे ती हकीकत सांगितली. पाण्यातून जुन्या होडीच्या फासळ्या वर आल्या होत्या, तिथे त्याने नेहमीप्रमाणे आवाज चढवला.

"आणि ही बघा, व्याहीबुवा! कुणीतरी परगावचा आंधळा नावाडी. पाणी माहीत नाही, खूण माहीत नाही, आणि मिशा मात्र वर! आणून घातली चिखलात. अशी माणसं होडीत नाही, बैलगाडीतच शोभतात."

सगळे हसले. आत्या हसली नाही. तिने पाण्याकडे तोंड फिरवलं. तिला ऐकू कमी येतं, असं बिनचूकला वाटलं.

परतताना ओहोटी सुरू झाली होती, पण ओहोटीला बिनचूक कधीच घाबरला नव्हता. सुकाणू काखेत धरून, मान वळवून तो व्याह्यांना घराण्याची कीर्ती सांगत होता. मध्येच सवयीने वर बघितलं. बुरूज वर. पिवळी भिंत खाली. ठीक. पुन्हा मान वळवली.

होडी थांबली. धक्का नाही, आवाज नाही. उशीवर डोकं टेकावं तशी अलगद टेकली. लाजही अशीच येते, पाय न वाजवता.

"थांबलो का?" व्याह्यांनी विचारलं.

आता इथे एक सरळ वाक्य बोलला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ते वाक्य त्या घराण्यात कुणी कधी बोललंच नव्हतं.

"मुद्दाम थांबवली," बिनचूक म्हणाला. "पक्षी बघायला ही जागा उत्तम."

होणारा जावई खूश. दुर्बीण डोळ्यांना लावून तो म्हणाला, "वा! किती जवळ आहेत!" जवळ होतेच. एक बगळा होडीला खेटून शांतपणे निघाला होता.

"हा पोहतोय की चालतोय?" व्याह्यांनी विचारलं.

"चालतोय."

"म्हणजे पाणी त्याच्या गुडघ्याएवढं?"

"उंच जातीचा बगळा आहे," बिनचूक म्हणाला.

लेकीने खाली बघितलं. ती याच होडीत वाढली होती. होडी कधी थांबते आणि कधी बसते, हे तिला कळत होतं. थोड्या वेळाने बगळ्याची पावलंही दिसू लागली.

"निघायचं ना? गाडी आहे माझी," व्याही घड्याळाकडे बघून म्हणाले.

"निघूच. फक्त ते... इंजिन जरा गरम झालंय."

"मी बघतो, काका!" सासऱ्याच्या उपयोगी पडायला टपलेला होणारा जावई उडी मारून मागे गेला. बिनचूक "अरे, नको" म्हणेपर्यंत त्याने दोरी ओढली. एरवी दहादा ओढल्याशिवाय खोकलासुद्धा न काढणारं ते इंजिन पहिल्याच ओढीला सुरू झालं. पंखा चिखलात फिरला आणि होडीच्या मागून काळं कारंजं उडालं. ते बरोबर विहीणबाईंच्या अंगावर आलं. पांढऱ्या कपड्यांची आता फक्त पाठ पांढरी राहिली होती.

इंजिन बंद झालं. विहीणबाईंनी भुवईवरचा चिखल बोटाने निपटला, बोटाकडे बघितलं आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "इंजिन चांगलं आहे."

"गाळ!" बिनचूक आता घाईघाईने सांगू लागला. "वरच्या अंगाला वाळू उपसतात ना, त्यामुळे सगळा गाळ सरकलाय. कालपर्यंत इथे दोन पुरुष पाणी होतं. कुणी लक्षच देत नाही! शिवाय वारा..."

व्याह्यांनी घड्याळ असलेला हात मांडीवर ठेवून त्यावर दुसरा हात ठेवला. लेकीचा चेहरा पडला. बिनचूकला तो दिसला, आणि सिग्नल, गाय, सगळं आठवलं. पण तोंडातून निघालेली कारणं म्हणजे बाहेर पडलेल्या कोंबड्या, पुन्हा खुराड्यात जात नाहीत.

एव्हाना धक्क्यावर माणसं जमली होती. बिनचूकची होडी खाडीच्या मधोमध कोरड्यात बसलेली, हे गावाने कधी बघितलं नव्हतं. कुणी पोरांना खांद्यावर घेतलं, कुणी घरून खुर्ची आणली. त्यांच्यात शिंपीही होता. तोंडाभोवती हात धरून तो आनंदाने ओरडला, "ओ बिनचूक! तिथून रंग कसा दिसतोय? पाहुणे येणार म्हणून पहाटेच उरकला!"

बायकोने वर बघितलं. शिंप्याची भिंत उन्हात पिकलेल्या लिंबासारखी चमकत होती आणि बुरूज बरोबर तिच्या डोक्यावर होता. तिथून बरंच बाजूला, झाडांच्या हिरव्यात मिसळून गेलेलं, तिचं स्वतःचं हिरवं घर.

"अहो," ती म्हणाली, "तो पिवळा..." आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघून तिने वाक्य गिळलं. तीस वर्षांच्या संसारात तिने एवढं मोठं वाक्य पहिल्यांदाच गिळलं होतं.

बिनचूकच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जमीन दुभंगावी म्हणायचीही सोय नव्हती, खाली होता तो नुसता चिखल.

तेवढ्यात होडी करकरली आणि एका अंगाला झुकली.

"पोरा, कलतेय होडी," आत्या म्हणाली. "खाली उतर आणि टेकू दे."

"काही होत नाही, आत्या. भरती आली की आपोआप सरळ होईल." टेकू द्यायला खाली उतरायचं, म्हणजे होडी रुतली हे सगळ्या धक्क्यासमोर कबूल करायचं. ते त्याला नको होतं.

"तुझा बापही हेच म्हणाला होता."

"बाबा? कधी?"

आत्याने बोट केलं. ओहोटीने जुन्या होडीच्या फासळ्या आता पुऱ्या उघड्या पडल्या होत्या, दोन वल्ह्यांच्या अंतरावर.

"ती बघ. ती तुझ्या बापाची पहिली होडी."

बिनचूकचं तोंड उघडं राहिलं.

"माझ्या लग्नाला मला घेऊन निघाला होता," आत्या सांगू लागली. "तेव्हा काठावरची सगळी घरं पांढरी. मागे वळून बघितलं तर त्यात आपलं कुठलं, हे त्याला दुरून ओळखू येईना. रुतला. उतर म्हटलं, तर म्हणे लोक बघताहेत. लाजेपायी बसून राहिला. होडी आडवी झाली, वर भरती आली, पाणी आत शिरलं. आम्ही वाचलो, होडी गेली. माझी लग्नाची पेटी अजून तिच्या पोटात आहे. दुसऱ्या दिवशी त्याने भिंत पिवळी केली आणि मला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही म्हणून. मी पाळली. आणि तू रोज त्यालाच आंधळा म्हणतोस. बैलगाडीवाला म्हणतोस! आता वर जाऊन भेटला तर म्हणेल, शपथ का मोडलीस. मी म्हणेन, तुझाच पोरगा तुझ्याशेजारी येऊन बसला, मग काय करू?"

बिनचूकने फासळ्यांकडे बघितलं. किती लोकांना त्याने हसवलं असेल तिथे! लोक हसायचे आणि तो त्यांच्याहून मोठ्याने हसायचा. आज हसायला धक्काभर माणसं होती आणि नावाडी तो होता.

होडी पुन्हा करकरली.

तो उठला. व्याह्यांपुढे उभा राहिला, पण नजर त्यांच्या बुटांवरच होती. "व्याहीबुवा, पक्ष्यांसाठी थांबलो नाही. इंजिन ठीक आहे. गाळही होता तिथेच आहे. भिंत चुकली. माझी भिंत मी हिरवी केली, पिवळा रंग शिंप्याला मीच दिला, आणि बढाया मारता मारता त्याच्या भिंतीवर होडी घातली. चूक माझी. तुमची गाडीही चुकणार आता. लेकीचा यात काही दोष नाही, एवढं मनात ठेवा."

एवढं बोलून त्याने ठेवणीतल्या कपड्यांनिशी खाली उडी मारली. चिखल कमरेपर्यंत आला. धक्क्यावरून "ओऽऽ" असा आवाज उठला. त्याने मान वर केली नाही. बसायची फळी काढून तो होडीखाली लावू लागला. एकट्याला ती पेलेना.

शेजारी काहीतरी धपकन पडलं. व्याही होते. बूट वर होडीत, विजार गुडघ्यापर्यंत, घड्याळ विहीणबाईंच्या हातात.

"धरा तिकडून," ते म्हणाले. फळीखाली खांदा घालून थोडा वेळ ते नुसते धापा टाकत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे पिवळं दिसलं की गाडी हळू करतात."

बिनचूकने पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तोंड गंभीर होतं, पण हनुवटी हलत होती. वरून विहीणबाई हसल्या आणि मग कुणालाच आवरेना. फळी दोनदा निसटली.

"कारणं तीन सांगितलीत," व्याही म्हणाले. "मोजली मी. पण खऱ्यावर लवकर आलात. आमच्याकडची माणसं निवृत्त झाली तरी येत नाहीत. लग्नाचं बघू या. फक्त पाहुण्यांना होडीतून आणू नका."

दिवेलागणीला भरती आली, होडी सरळच्या सरळ उचलली गेली. धक्क्यावर उतरल्यावर व्याह्यांनी स्टेशनवर फोन केला. गाडी कधीच गेली होती. पलीकडून कुणीतरी उशिराचं कारण विचारलं असावं.

"कारण काही नाही," व्याही म्हणाले. "उशीर केला."

दुसऱ्या दिवशी बिनचूक शिंप्याकडे गेला आणि भिंतीचा रंग बदल म्हणाला. शिंपी म्हणाला, "दिलेलं दान परत मागता?" बायको हिरव्याचं नाव सोडेना. तेव्हा बापाचं गाणं तसंच ठेवून त्याने डोळेच सुधारले. येताना आता तो बोलत नाही, नुसता हिरवी भिंत शोधतो. गावाने त्याला बिनचूक म्हणणं काही सोडलं नाही, उलट जरा जास्तच प्रेमाने म्हणू लागलं. तो मात्र हाकेला थोडा उशिरा वळतो.

त्या फासळ्यांपाशी होडी अजून हळू होते. "ही माझ्या वडिलांची होडी," तो सांगतो. कुणी हसत हसत विचारतं, "बुडाली कशी?"

"त्यांच्यापाशी खूण नव्हती," तो म्हणतो. "माझ्यापाशी होती, तरी मी इथेच येऊन बसलो."

आत्या त्याच वर्षी, लेक सासरी गेल्यावर, थंडीत वारली, भावाला शपथेचं उत्तर द्यायला.