सावेसरांची स्किला

आमच्या शेजारचे सावेसर मासळीबाजारात जाऊन राक्षसीण मागतात.

तेही मोठ्याने. "स्किला आहे का गं ताजी?" डहाणूच्या भर बाजारात मी पिशवी धरून शेजारी उभा, आणि लोक बघतात माझ्याकडे! कोळीण सवयीने सांगते, "मास्तर, ती नाय आज. चिंबोरी हाय, देऊ?" सर खूश होऊन म्हणतात, "अगं, तीच ती!"

जन्मभर प्राणिशास्त्र शिकवल्याचा हा परिणाम. चिंबोरीचं, म्हणजे आपल्या खेकड्याचं, शास्त्रातलं नाव स्किला, आणि स्किला म्हणे ग्रीक पुराणातली सहा डोक्यांची, खलाशांना गिळणारी बया. "मग हिची बाकीची डोकी गेली कुठे?" मी विचारलं. सरांनी तासभर समजावलं. शेवटी मला माझं एकच डोकं जड झालं.

नरपडच्या किनाऱ्यावर जेलीफिश वाहून आला की सर ओरडतात, "लांब हो, मेडूसा!" ही केसांऐवजी साप असलेली. चिकूच्या वाडीत अजगर निघाला, तर तो पायथन, तोही ग्रीसचाच! आम्ही पळत होतो आणि सर त्याची वंशावळ सांगत होते. आता भिंतीवरची पालसुद्धा कोणाची कोण लागते, मला काही कळत नाही.

सरांची मुलगी नंदा. एमएस्सी झाली आणि अच्छाडच्या एका धाबेवाल्याशी लग्न करून मोकळी. "पुन्हा तोंड दाखवू नकोस," सर कडाडले. तिनेही दाखवलं नाही. किड्यामुंगीचं नाव पाठ असलेला हा माणूस, तिचं तेवढं नाव घेत नसे.

गेल्या शनिवारी सर कोळणीला म्हणाले, "चिंबोऱ्या दे, भरलेल्या बघून." ती चमकली. मीही.

"सर, स्किला नाही?" रिक्षात मी विचारलं.

"अरे, ती जन्माची राक्षसीण नव्हती. चांगली हसतीखेळती पोर होती. दुसऱ्याच्या रागापायी तिची ती दशा झाली."

"कुणाच्या?"

"तिकडे एका चेटकिणीच्या." सर बाहेर बघत राहिले. "इथे माझ्या. उद्या नंदा यायचं म्हणतेय. येईल ना रे?"

मी चिंबोऱ्यांची पिशवी मांडीवर नीट धरली.

आली. बरोबर तिची चिमुरडी. टोपलीतल्या नांग्या बघून ती आईला बिलगली.

"आजोबा, हिचं नाव काय?"

झालं! मी मनात म्हटलं, आता ग्रीस गाठल्याशिवाय सुटका नाही.

सर तिच्याजवळ उकिडवे बसले.

"चिंबोरी गं, बाळा," ते म्हणाले. "आमच्या नंदाला फार आवडते."